1859 सालचं विषाचं रजिस्टर

"दिवाळी अंकासाठी एखादी रहस्यकथा द्या, पण जरा वेगळी," असं संपादक म्हणाले आणि मीही लगेच सांगून मोकळी झाले, की व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन घेते, हौशी गुप्तहेर घेते. बोलायला काय जातं! धुकं, घोडागाड्या, गॅसचे दिवे हे तर वाचून वाचून पाठच होतं. घोडं अडलं भलतीकडेच. खून झालाय, पोलीस आलेत, डॉक्टर आलेत. मग या हौशी माणसाला तिथं उभं कोण करेल? बऱ्याच कथांमध्ये पोलीस अधिकारीच जिना चढून मदत मागायला येतो. वाचताना मजा वाटते, पण लिहायला बसल्यावर माझ्याच्याने ते होईना.

म्हणून कथानक बाजूला ठेवलं आणि आधी त्या काळचा कायदा वाचायला घेतला. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातल्या 1674 ते 1913 या काळातल्या खटल्यांचे वृत्तांत इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आमचं मेडिकलचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं, हिशेब लागला, की मी फोन घेऊन तेच वाचत बसायची. विषप्रयोगाचे खटले एवढ्या आवडीने वाचणारी बायको घरात असणं नवऱ्याला फारसं रुचत नव्हतं, पण बिचारा बोलला नाही.

हळूहळू लक्षात आलं, की त्या व्यवस्थेत फटीच फटी होत्या. 1842 मध्ये लंडन पोलिसांनी गुप्तहेर शाखा काढली तेव्हा तिच्यात माणसं होती फक्त 8. सरकारतर्फे खटले चालवणारा वेगळा अधिकारी 1879 च्या कायद्यापर्यंत नव्हताच; कित्येक खटले सामान्य माणसंच उभे करत. आणि कोरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी! संशयास्पद मृत्यू झाला की कोरोनर ज्युरी बसवायचा, आणि ती बसायची बऱ्याचदा जवळच्या दारूच्या गुत्त्यातल्या माडीवर. आसपासचे घरवाले, दुकानदार यांची ज्युरी. प्रेत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, हा नियमच. बघे मागे दाटीवाटीने उभे, वार्ताहर जबान्या उतरवून घेतायत, खाली बिअरचे पेले खणखणतायत.

इथे माझ्या कथेतल्या हौशी गुप्तहेर बाईला दार सापडलं. तोवर ती कोणीतरी चौकस, श्रीमंत, रिकामटेकडी बाई होती. ती मी काढून टाकली आणि तिच्या जागी औषधवाल्याची विधवा आणली. विधवाच का, तर लग्न झालेल्या बाईची कमाईसुद्धा 1870 च्या कायद्यापर्यंत नवऱ्याची असायची; विधवा मात्र स्वतःच्या नावाने दुकान चालवू शकत होती. औषधविक्रीला परीक्षेची सक्ती आली ती 1868 मध्ये. त्याआधीचं साल धरलं, की तिचं दुकान कायद्यात चोख बसतं.

मग 1851 चा सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा कायदा हाती लागला आणि माझी कळी खुलली. सोमल विकला की दुकानदाराने वहीत नोंद करायची: तारीख, नाव, पत्ता, किती घेतला, कशासाठी घेतला. गिऱ्हाईक अनोळखी असेल तर दोघांच्याही ओळखीचा साक्षीदार हवा. किरकोळ विकायचा तर दर पौंडात निदान एक औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ मिसळायची, म्हणजे साखर-पिठात कुणी चोरून घातला तरी दिसावा. आमच्याकडे एच-वन यादीतल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या काही औषधांचं रजिस्टर असतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं. ते मी रोज भरते. त्यामुळे तिच्या गल्ल्यामागची ती वही मला अगदी हातात धरल्यासारखी वाटली. या विधेयकात सोमल फक्त प्रौढ पुरुषांनाच विकावा असंही एक कलम घालायचं चाललं होतं! तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने त्याला विरोध केला आणि ते गळालं. नाहीतर माझी कथाच झाली नसती, कारण वहीतली सही स्वयंपाकिणीची आहे. "उंदरांसाठी, एक औंस."

साल ठरलं ते स्मेथर्स्ट नावाच्या डॉक्टरच्या खटल्यामुळे. ऑगस्ट 1859. बाईला विष घातल्याचा आरोप, तपासणी करणारे आल्फ्रेड स्वेन टेलर, म्हणजे त्या काळचे विषशास्त्रातले सर्वांत मोठे. त्यांना एका बाटलीत सोमल सापडला. पुढे उलगडलं असं, की बाटलीत होतं पोटॅशियम क्लोरेट; त्याने चाचणीची तांब्याची जाळीच विरघळवली आणि त्या अशुद्ध तांब्यातला सोमल बाहेर आला. टेलरना हे कोर्टात कबूल करावं लागलं. तरी ज्युरीने दोषी ठरवलंच. मग डॉक्टर मंडळींची वर्तमानपत्रांत पत्रं, गृहमंत्र्यांकडे अर्ज, आणि शेवटी खुनाच्या आरोपातून माफी.

माझ्या कथेत घसा धरलेल्या मालकिणीला गुळण्यांसाठी क्लोरेट दिलंय याच विधवेने. चाचणी केलीय तिथल्याच एका साध्या डॉक्टरने. मालकिणीला विष घातलं म्हणून स्वयंपाकिणीला फाशी सुनावलीय, आणि पुडी बांधलेला वर्तमानपत्राचा कागद ही विधवा सकाळी गिऱ्हाईक नसताना सहज वाचत असते. त्यात टेलरची साक्ष. ती हातातली पुडी तशीच ठेवते आणि वही उघडते. सोमल तिने निळीचा दिला होता. पोटात निळं काही सापडल्याचं कोणीच बोललं नव्हतं. ग्लासगोच्या मॅडेलीन स्मिथच्या खटल्यात, 1857 मध्ये, हाच रंगाचा मुद्दा बचावाने लावून धरला होता.

म्हणजे खून झालाच नव्हता. संपादकांनी हे वाचून फोन केला. "अहो ताई, रहस्यकथेत खून नको? निदान शेवटी कुणाला तरी अटक करा." मी म्हणाले, "अटक कुणाला करू, तांब्याच्या जाळीला?" बरीच घासाघीस झाली. माझं म्हणणं असं, की पोलिसांना मूर्ख ठरवून हौशी माणसाला हुशार दाखवणं सोपं आहे. इथे कोणीच मूर्ख नाही. फक्त त्या बाटलीत काय होतं, हे त्या विधवेला एकटीलाच माहीत आहे. शेवटी त्यांनी मान्य केलं, बदल्यात माझी धुक्याची दोन पानं कापली. कापली ते बरंच झालं.

अंक आल्यावर एका निवृत्त वकिलांचा फोन आला. कथा आवडली, पण शेवट त्यांना पटेना: "एवढा पुरावा हातात असताना बाई गृहमंत्र्यांना अर्ज कसला लिहीत बसते? सरळ अपील का नाही केलं?"

"काका, फौजदारी अपिलाचं कोर्ट तिकडे 1907 च्या कायद्याने आलं."

ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग मधल्या काळात वकील करायचे काय?"