बेटी डेव्हिसचा हरवलेला अल्बम आणि माझा बेस: तिसरा आठवडा

अमेरिकन फंक (ठेक्यावर नाचवणारं संगीत) गायिका बेटी डेव्हिसच्या एका अल्बमवरचा बेस गिटार मी ऐकून शिकतोय. पहिले दोन आठवडे रेकॉर्ड धड वाजवण्यातच गेले. पार्सल उघडलं तेव्हा तबकडी एका कडेला चांगलीच उचललेली होती. दोन जाड काचांमध्ये घालून वर वजन ठेवलं, दहा दिवसांत बरीच सपाट झाली. मग घरघर सुरू झाली, तीही नेमकी बेसच्या पट्टीत. सुई बसवलेलं कार्ट्रिज गेलं असं वाटून जीव खाली-वर झाला होता, पण टर्नटेबलच्या मागची अर्थिंगची वायर सैल निघाली. स्क्रू अर्धा वळसा आवळला आणि खोली एकदम शांत झाली. सुईचा भार १.८ ग्रॅमवर ठेवलाय. माझ्या सेटवर त्याहून कमी केला की बेस जोरात येतो तिथे सुई घसरते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘इज इट लव्ह ऑर डिझायर’ हा बेटीचा चौथा अल्बम. १९७३, ७४ आणि ७५ अशी लागोपाठ तीन वर्षं तिच्या रेकॉर्डी आल्या. १९७६ मध्ये ती आपला ‘फंक हाउस’ नावाचा बँड घेऊन लुइझियानातल्या बोगालूसा गावाजवळच्या ‘स्टुडिओ इन द कंट्री’त गेली आणि हा अल्बम करून आली. तिच्या रेकॉर्ड कंपनीने, आयलंड रेकॉर्ड्सने, तो बाजारात आणलाच नाही. सिअ‍ॅटलच्या ‘लाइट इन द अ‍ॅटिक’ या रेकॉर्ड कंपनीने तो काढला २००९ साली, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी! तेव्हा बेटी हयात होती, याचं मला फार समाधान आहे. ती गेली २०२२ मध्ये.

आता बेसकडे. बँडमधल्या लॅरी जॉन्सनचा बेस आणि निकी नीलचा ड्रम यांच्या मध्ये कागदसुद्धा सरकवता येणार नाही, इतके ते एकमेकांना चिकटून चालतात. पहिले काही दिवस मी नुसते सूर शोधत बसलो. सूर सापडले, तरी वाजवलेलं बेंगरूळच वाटायचं. मग बेस बाजूला ठेवला आणि मांडीवर ताल धरून ऐकलं. तेव्हा कळलं, इथे सगळा जीव समेवर आहे. चारातली पहिली मात्रा सगळ्यांनी मिळून घ्यायची, मग उरलेल्या तीन मात्रांत ज्याने त्याने काय ती मस्ती करावी आणि पुन्हा समेला हजर राहावं. ज्यांनी तबल्याच्या साथीला टाळी दिलीय, त्यांना हे पटकन उमगेल.

त्या दिवसापासून मी दोनच आवर्तनं घोटतोय, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ७० ठोक्यांवर ठेवून. खरी मेहनत डाव्या हाताला आहे. सूर वाजला की बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसतं सैल सोडायचं, म्हणजे बोट तारेला नुसतं टेकलेलं राहतं आणि आवाज कापल्यासारखा थांबतो. हे जमलं आणि त्या दोन आवर्तनांना पहिल्यांदा चाल आली. जॉन्सनने जिथे काहीच वाजवलेलं नाही, ती जागा सुराइतकीच मोजून घ्यावी लागते.

बेटी नोटेशन लिहून देत नसे, प्रत्येक वाद्याचा भाग गुणगुणून वादकांना सांगायची. म्हणून मीही टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं नोटेशन) शोधणं बंद केलंय. आधी तोंडाने म्हणतो, मग तारेवर आणतो. वेळ दुप्पट लागतो, पण बसलेलं हलत नाही.

रियाझ संपला की ‘फॉर माय मॅन’ लावतो. याच अल्बममधल्या या गाण्यात अमेरिकन ब्लूज वादक क्लॅरेन्स ‘गेटमाउथ’ ब्राउन यांची व्हायोलिन आहे. बेटीचा तो घासलेला, खरखरीत गळा आणि शेजारी ती व्हायोलिन, काय जोडी आहे! हा अल्बम पेटीतच राहिला असता तर आपलं केवढं गेलं असतं.

सध्या अडलोय ते दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटी. चौथ्या मात्रेचा उत्तरार्ध ते सम, एवढ्या जागेत तीन सूर आहेत आणि माझी करंगळी उशिरा पोहोचते. तिथे हात सरकवावा की त्याच जागी वरची तार घ्यावी? कोणी वाजवलं असेल तर बोटं सांगा. मेट्रोनोम ८० वर नेण्याआधी मला ही जागा सोडवायची आहे.