तुम्ही विचारलंत म्हणून : त्या वादसभांना मी का येत नाही

आधी विचारतात, "हल्ली दिसत नाही तुम्ही व्यासपीठावर?" मग आवाज जरा खाली आणून, "काय, मतं बदलली का?" हा प्रश्न मला इतक्यांदा आणि इतक्या सुरांत विचारून झालाय की आता एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच हातात ठेवीन.

मी अर्थशास्त्र शिकवते. हवामानबदलावर उपाय करायचे तर किती खर्च पडेल, तो झेपेल का, आणि काहीच केलं नाही तर किती पडेल, यावर मी दहा-बारा वर्षं जाहीर वाद घातले. आता निमंत्रण आलं की नाही म्हणते.

मतं बदललेली नाहीत. २०२४ हे औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष ठरलं. पृथ्वी तापते आहे का, यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही. मी त्या वादात कधीच नव्हते. माझा वाद पुढच्या पायरीवरचा, पैशांचा. आणि त्यात मी जिंकायचे. आता कबूलच करायचं तर, जिंकायला मला फार आवडायचं.

माझं हुकमी पान होतं 'एक टक्का'. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या २००६च्या अहवालाचा निष्कर्ष असा की वेळेवर पावलं उचलली तर जगाच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण १ टक्का दरवर्षी खर्च येईल, आणि हातावर हात धरून बसलो तर नुकसान ५ ते २० टक्क्यांच्या घरात जाईल. पुढे स्टर्न यांनी स्वतःच तो १ टक्का २ वर नेला. ते मी सांगायचे, पण जरा भरभर. सभेत एक टक्का चांगला वाजतो.

ज्या संध्याकाळबद्दल लिहायचंय, त्या दिवशीही वाजला. समोर उद्योगांची बाजू मांडणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याशी भिडायला मजा यायची, कारण ते दर वेळी तीच चूक करायचे: उपायांचा खर्च पै-पैशापर्यंत मोजायचे आणि काहीच न करण्याचा खर्च शून्य धरायचे. मी त्यांना दोन वाक्यांत पकडलं. टाळ्या पडल्या. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली.

मागच्या रांगेतून एक माणूस उठला. माइकची वायर तिथपर्यंत पुरेना, म्हणून तोच खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला. पंचेचाळिशीचा असेल. खिशातून वहीचा घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि वाचायला लागला. शाळेत वाचतात तसं, बोट ओळीखाली ठेवून.

"मॅडम, तुम्ही एक टक्का म्हणालात. मी औष्णिक वीजकेंद्रात कोल हँडलिंगला आहे, सतरा वर्षं. कंत्राटी. दोन संच बंद होणार म्हणून नोटीस लागलीय. कायमवाल्यांच्या बदल्या होतील. आमचा गेटपास बंद होईल. तर त्या एक टक्क्यात मी किती टक्के?"

सभागृह गप्प झालं. समोरचे गृहस्थ खूश होऊन माझ्याकडे बघायला लागले, आणि तिथेच माझं बिनसलं. मला तो माणूस दिसेनासा झाला, फक्त त्यांचं हसू दिसत राहिलं. मी म्हणाले, "एके काळी टाइपरायटर दुरुस्त करणारेही होते. त्यांच्यासाठी आपण संगणक अडवून ठेवला नाही."

हशा. मोठा, खदखदून आलेला हशा. सूत्रसंचालकही हसले आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न."

तो माणूस तसाच उभा होता. त्याच्या कागदावर अजून मजकूर होता, हे मला व्यासपीठावरूनही दिसत होतं, पाच-सहा ओळी तरी. स्वयंसेवकाने हातातून माइक घेतला तेव्हा त्याने कागद पुन्हा घडीवर घडी घालून खिशात ठेवला, आणि आला होता त्याच वाटेने, लोकांचे गुडघे चुकवत, परत गेला. जागेवर बसला नाही. सरळ दाराबाहेर गेला.

मी त्या रात्री समाधानाने झोपले. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच झालं.

आठवड्याने वर्गात मी तोच किस्सा, तेच उत्तर, थोडं मीठमसाला लावून सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "पण मॅम, टाइपरायटर कुणी ठरवून बंद केला होता का?"

नव्हता केला. त्यामागे कुठली बैठक नव्हती, ठराव नव्हता, बंद करण्याची तारीख नव्हती. लोकांनी दुसरं यंत्र घेतलं आणि ते मागे पडलं. संच मात्र आपण ठरवून बंद करतो, आणि केलेच पाहिजेत असं मी आजही म्हणते. पण ठरवणारे आपण, तर बिलही आपल्या नावाने फाटलं पाहिजे. माझी उपमा लंगडी होती, आणि ती मी अशा माणसाच्या तोंडावर मारली होती ज्याला उलट बोलायला माइक नव्हता.

त्याच वर्गात मी दरवर्षी वटणावळीचा दर शिकवते. साध्या भाषेत, भविष्यावरचा बट्टा. फळ्यावर लिहिते: आजपासून शंभर वर्षांनी १००चं नुकसान होणार असेल, तर आज त्याची किंमत किती धरायची? स्टर्न यांचा दर १.४ टक्के. तो लावला तर उत्तर येतं २५. साडेचार टक्के लावला तर सव्वा. पंचवीस आणि सव्वा! नुकसान तेच, वर्षं तेवढीच, फरक फक्त दराचा. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले विल्यम नॉर्डहाउस आणि स्टर्न यांच्यातलं भांडण बरंचसं याच आकड्यावरचं. मग मी फ्रँक रॅम्झी या ब्रिटिश तत्त्वज्ञ-गणितज्ञाचं म्हणणं सांगते. पुढच्यांचं सुख केवळ पुढचं आहे म्हणून कमी मोजणं नीतीला धरून नाही, असं त्यांनी १९२८मध्येच लिहून ठेवलंय. मुलांना हे आवडतं. मलाही आवडतं. अजून न जन्मलेल्या माणसासाठी दशांश चिन्हापर्यंत भांडताना आपण फार उदार वाटतो.

आणि खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आलेल्या माणसाला मी शंभर टक्के बट्टा लावला.

आता विरोधी गोटाने खूश होऊ नये. पुढच्या एका कार्यक्रमात त्याच गृहस्थांनी "त्या गरीब कामगाराचं काय?" असा गळा काढला. मी विचारलं, तुमच्याकडे कंत्राटी किती आणि कायम किती? त्यावर त्यांना अचानक वेळेचं भान आलं. खर्चाचा प्रश्न विचारणाऱ्या सगळ्यांनाच खर्चाची काळजी असते असं नाही. बऱ्याच जणांना फक्त तारीख पुढे ढकलायची असते, आणि कामगार ही त्यासाठी सापडलेली सोयीची ढाल.

शिवाय 'फार महाग पडेल' हे भाकीत वारंवार तोंडावर आपटलंय. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या तज्ज्ञ-मंडळाच्या २०२२च्या अहवालानुसार २०१० ते २०१९ या काळात सौरऊर्जेचा खर्च ८५ टक्क्यांनी उतरला, बॅटऱ्यांचाही ८५, पवनऊर्जेचा ५५. मी स्वतः २०१०च्या सुमारास मुलांना सांगत होते की सौर ही श्रीमंतांची हौस आहे. तेव्हाच्या मला कुणी आज समोर बसवलं तर मी तिलाही दोन वाक्यांत पकडीन.

पण ती जुनी मी गप्प बसणारी नाही. ती म्हणेल, मग अडचण काय? कार्बनवर, म्हणजे कोळसा-तेल जाळण्यावर, कर लाव, आलेला पैसा लोकांना वाटून टाक, प्रश्न मिटला. मी हे वर्षानुवर्षं सांगत आले, म्हणून नीट उत्तर देते. फ्रान्समध्ये २०१८च्या नोव्हेंबरात इंधनावरच्या वाढत्या करावरून पिवळी जाकिटं घातलेले लोक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरात सरकारला पुढची वाढ मागे घ्यावी लागली. तेव्हा मी म्हणाले, बघा, पैसे परत दिले नाहीत म्हणून असं झालं. कॅनडात तर परत देत होते. निव्वळ भरलेला कर आणि मिळालेला परतावा मोजला तर बहुतेक कुटुंबांच्या हातात जास्तच पडत होतं. तरीही १ एप्रिल २०२५पासून सामान्य ग्राहकांवरचा तो कर शून्यावर आणला गेला. पंपावरचा आकडा रोज दिसतो, खात्यात तीन महिन्यांनी येणारी रक्कम कुणाच्या लक्षात राहत नाही. माझं कोष्टक बरोबर होतं. फक्त लोक कोष्टकात राहत नव्हते.

"म्हणजे लोक मूर्ख?" ती विचारेल. नाही. "मग कोष्टक चुकीचं?" तेही नाही. यापुढे माझ्याकडे उत्तर नाही, आणि हे वाक्य व्यासपीठावर म्हणता येत नाही. दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आयोजक कानकोंडे झाले, दुसऱ्यांदा "मॅडम आज तयारीत नव्हत्या" असं कानावर आलं.

आकड्यांवर तरी विसंबावं, तर तेही मोजणाऱ्यावर ठरतात. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला की होणारं नुकसान अमेरिकेत ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत १ ते ७ डॉलर धरलं गेलं. २०२३मध्ये तिथल्याच पर्यावरण संस्थेने ते १९० डॉलर धरलं. टन बदलला नव्हता. आधी फक्त आपल्या देशातलं नुकसान मोजलं होतं आणि भविष्यावर मोठा बट्टा लावला होता, नंतर साऱ्या जगाचं मोजलं आणि बट्टा कमी केला. आकड्यात आधी माणसं निवडलेली असतात, हे मी शिकवत होतेच. माझ्या एक टक्क्यात मी कुणाला निवडलंय, हे मात्र मला त्या वहीच्या कागदाने विचारलं.

आणि हेही लिहायला हवं, की न केलेल्या उपायांचं बिलसुद्धा असंच सरासरीत लपतं. उन्हात काम करणारा, ज्याची दुपार बुडते, तोही त्या ५ ते २० टक्क्यांत कुठेतरी दडपलेला आहे. कदाचित तो आणि गेटपासवाला एकच. एका यादीत त्याची नोकरी जाते, दुसऱ्या यादीत त्याची तब्येत. मी कुठली यादी आधी वाचू? काही मित्र म्हणतात, तू असं जाहीर बोललीस की विरोधकांच्या हातात कोलीत मिळतं. खरं आहे, मिळतं. म्हणूनही मी येत नाही. हे शहाणपण की पळपुटेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि तुम्ही माझ्या वतीने ठरवू नका.

त्या माणसाला शोधून माफी मागितलीत का, असंही एकाने विचारलं. नाही. आयोजकांकडे नाव नव्हतं, प्रश्न विचारणाऱ्यांची नोंद ते ठेवत नाहीत. आणि माफी मागून मी काय सांगणार होते? संच तरीही बंद व्हावेत, एवढंच ना.

गेल्या महिन्यात पुन्हा एक निमंत्रण आलं. विषय: 'हवामान-उपाय : परवडेल का?' मी उलट कळवलं की शीर्षकात एक शब्द राहिलाय, 'कोणाला'. त्यांचं उत्तर आलं, मॅडम, फलक छापून झालाय.

तेव्हा त्या तारखेलाही मी येत नाहीये. पुढच्याचं पुढे बघू.