रानकोंबड्याची मान आणि गुजरीतली टिकली

समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन खात नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर तो महिने काढतो, अंडी घालायच्या जागेपर्यंत प्रवाहाविरुद्ध चढत राहतो. तरी गळाला लागतो. चिडून लागतो की जुन्या सवयीने, यावर स्कॉटलंडमधली म्हातारी माणसं नदीकाठी व्हिस्की संपेपर्यंत भांडू शकतात. ट्राउटचं तसं नाही, ट्राउट हिशेबी. वसंतात पाण्यावर ‘मार्च ब्राउन’ नावाचा किडा निघायला लागला की त्याला तसाच तपकिरी, त्याच मापाचा, पिसं आणि सशाचे केस बांधून केलेला नकली किडा, म्हणजे ‘फ्लाय’, लागतो. दुसरं काही टाकलंत तर ढुंकून बघत नाही.

सॅमनच्या फ्लायवर असं कशासारखं दिसायचं बंधनच नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या साहेबाने तिला नुसतं नटवलं. अमेरिकेची टर्की, दक्षिण अमेरिकेचा टूकान, चीनचा सोनेरी फेझंट, आफ्रिकेचं शहामृग, अशी जगभरची पिसं दोन इंची गळावर आणून बांधली. आणि दोन्ही बाजूंना, डोळ्यासारखं चमकणारं एकेक पीस आमच्या रानकोंबड्याच्या मानेचं.

मी स्कॉटलंडमधल्या पर्थला राहते. टे नदी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. मासे धरायचा नाद मला तिकडेच लागला. कोल्हापुरात असताना रंकाळ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांना आम्ही रिकामटेकडे म्हणायचो. बाईमाणूस नदीवर काय करणार, असं घरातल्या काही थोरांना अजून वाटतं, त्यांच्या माहितीसाठी: ब्रिटनमध्ये गळाने धरलेला सगळ्यात मोठा सॅमन, 64 पौंडांचा, 1922 साली याच टे नदीत जॉर्जिना बॅलंटाइन या बाईने काढला. फ्लायवर नव्हे, आमिषावर. हेही मीच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी सांगायला येईलच.

टे नदी 15 ऑक्टोबरला बंद होते ती 15 जानेवारीला उघडते. उघडल्यावर पाणी बर्फासारखं, म्हणून मोठी, जड फ्लाय खोल बुडवायची. मे-जूनमध्ये नखाएवढी, पाण्याच्या जेमतेम खाली. सप्टेंबरात नारिंगी-लाल. आणि नदी बंद असते तेव्हा दिव्याखाली बसून बांधत राहायचं. मला हे शिकवणारा आमचा गिली, म्हणजे नदीवरचा वाटाड्या, बिस्किटाच्या डब्यात एक जुनी मान जपून ठेवतो. रानकोंबड्याची, वाळवलेली, बंदीच्या आधीची. काळसर पिसं, आणि प्रत्येकाच्या टोकाकडे पिसाचा दांडाच पसरट होऊन मेणासारखा पिवळसर पांढरा ठिपका झालेला. रंगवलेला वाटतो, पण नखाने खरवडला तरी जात नाही. “हा तुमच्याकडचा,” तो म्हणाला. मी मान हलवली. राधानगरी आमच्या घरापासून दीड तासावर, आणि हा पक्षी मी आयुष्यात पाहिला नव्हता. ते मला फार लागलं.

म्हणून या डिसेंबरात भावाच्या लग्नाला आले तेव्हा आधी दाजीपूर गाठायचं ठरवलं. आतेभावाने गाडी काढली आणि मला घेऊन जाण्याचा मोबदला म्हणून वाटभर उपदेश केला. पहाटे रंकाळ्याला वळसा घालून शहर सोडलं आणि उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. ज्यांनी गळीत हंगामात हा रस्ता पहाटे केला नसेल त्यांनी करू नये. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला, आणि पुढे स्पीकरवर गाणं इतक्या जोरात की आपण हॉर्न वाजवून उपयोग नाही. आतेभाऊ म्हणाला, “गाणं आहे म्हणून तर कळतंय पुढं ट्रॅक्टर आहे.” परितेच्या कारखान्याच्या पुढे गेल्यावर जरा रस्ता मोकळा झाला. राधानगरीला चहा घेतला. तो फार चांगला होता, बिनवेलचीचा.

अभयारण्यात जीपने जावं लागतं. आमच्या जीपमध्ये पुण्याकडचं एक कुटुंब होतं, त्यांना गवा बघायचा होता. गवाच. त्यांच्या मुलाने गव्यावर शाळेत प्रकल्प केला होता आणि तो आम्हा सगळ्यांना गव्याचं वजन सांगत होता. त्याच्या वडिलांच्या खिशातून बारीक आवाजात बातम्या चालू होत्या. “बंद करता का?” असं मी विचारलं, त्यावर ते म्हणाले, “आवाज कमीच आहे की.” जंगलात शांत बसता न येणारी माणसं जंगलात का येतात हे मला कोडं आहे, आणि ती नेमकी माझ्याच जीपमध्ये कशी येतात हे त्याहून मोठं.

सावराईच्या सड्याकडे जाताना गाइडने हात वर केला. जीप थांबली. सगळे उठून उजवीकडे बघायला लागले. कारवीच्या कडेला, तांबड्या मातीत, एक कोंबडा पाला उकरत होता.

“कोंबडाच आहे हो,” काकू म्हणाल्या. ड्रायव्हरने गिअर टाकला.

“थांबा!” मी इतक्या जोरात ओरडले की गव्याचं वजन सांगणारा मुलगासुद्धा गप्प झाला.

कोंबडा थांबला. अंग राखाडी, त्यावर पांढऱ्या बारीक रेघा, शेपटीची काळी कमान, तुरा लाल. त्याने मान वळवली आणि झाडीतून तिरपं आलेलं ऊन मानेवर पडलं. डब्यातल्या पिसांवर जे ठिपके मी दिव्याखाली भिंगातून पाहिले होते ते सगळे एकदम पेटले. वाळलेल्या कातड्यावर ते नुसते ठिपके असतात, ओळीत बसवलेले. इथे मान फुगली की ते पसरत होते, आकसली की एकावर एक सरकत होते, आणि तो हलेल तसा उजेड मानेवरून खाली वाहत होता. गिलीने शंभर वेळा समजावलं असेल की हे पीस असं बसवायचं की फ्लाय पाण्यात फिरताना चमक दिसावी आणि लपावी. का, ते मला तेव्हा कळलं. मग तो पाय उचलून, अगदी निवांत, कारवीत शिरला. थोड्या वेळाने आतून बांग आली, गावठी कोंबड्यासारखी लांबवलेली नव्हे, तुटक, घाईची.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली, हे त्यांचं चांगलं. गवा मात्र शेवटपर्यंत दिसला नाही, आणि परतीच्या वाटेवर तो माझ्यामुळेच दिसला नाही असं वातावरण होतं.

उतरल्यावर गाइडला सांगितलं की पूर्वी याच्या माना विलायतेला जायच्या, मासे धरायला.

“मानच?” त्याने विचारलं. “आणि बाकीचा कोंबडा?”

“ते काही माहीत नाही.”

“बाकीचा हितल्यांनी खाल्ला असंल,” तो म्हणाला. “साहेबाला मान आन् आपल्याला रस्सा. बरं हाय की.”

आता 1972 च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्याला संरक्षण आहे आणि तिकडे विलायतेत लोक पाळलेल्या रानकोंबड्यांच्या माना विकत घेतात, भरपूर पैसे मोजून. पिसांचं हे वेड साधं नाही. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून संगीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने 299 पक्ष्यांची कातडी सुटकेसमध्ये भरून पळवली, ती याच फ्लायच्या नादापायी. त्यात वॉलेससारख्या निसर्गशास्त्रज्ञाने दीडशे वर्षांपूर्वी जमवलेले पक्षीही होते. मी ही गोष्ट आतेभावाला सांगितली तर तो म्हणाला, “आणि तू मला येडी वाटत होतीस.”

पुढे लग्न झालं. जेवण चांगलं होतं. एक दुपार हुपरीला गेले, चांदीची बारीक तार मिळते का बघायला. मिळाली, पण पैंजणाला लागते तशी, कडक.

कारण माझ्या डोक्यात आता जॉक स्कॉट बसली होती. एकोणिसाव्या शतकातली सगळ्यात नावाजलेली सॅमन फ्लाय. अंगाचा मागचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, पुढचा काळ्या, त्यावर चांदीचे वेढे, पंखात मोरापासून टर्कीपर्यंत सगळं, आणि बाजूला आपला कोंबडा. पिसं नेणं जमणार नव्हतं, मोरपीससुद्धा देशाबाहेर नेता येत नाही. पण अंग तरी कोल्हापूरचं असावं असं मनाने घेतलं. म्हणून गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, आईच्या ओळखीच्या पटवेकऱ्यांकडे गेले. आईचा साज ते गाठवून देतात.

काका मांडी घालून बसले होते, एक पाय पुढे, अंगठ्याला दोरा अडकवलेला, दोन्ही हात मण्यांत. मी रिकामा गळ आणि फोनवरचा फोटो पुढे केला.

“ह्यात मणी कुठं हायत?”

“मणी नाहीत काका. नुसतं रेशीम गुंडाळायचं. पिवळं, मग काळं, वरून चांदी.”

“आन् ही चांदी?” हुपरीची तार त्यांनी बोटाने वाकवली आणि बाजूला ठेवली. “तारेनं रेशीम कापतंय. जर घे.” त्यांनी रीळ काढलं. मी बघतच राहिले. तिकडे सॅमन फ्लायला जी गोल टिन्सेल वापरतात ती म्हणजे दोऱ्यावर चपटी धातूची पट्टी गुंडाळलेली. हे तेच होतं, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, आयुष्यभर.

मी फ्लाय बांधायला छोटा शेगडा वापरते, टेबलाला पकडून बसणारा. काकांनी अंगठ्याला जाड दोऱ्याचा फास घातला, गळाचा बाक त्यात ओवला, डोळा डाव्या हाताच्या चिमटीत धरून ताणला, झाला शेगडा. रेशमाचा पीळ आधी उलगडून मोकळा केला, कारण पिळाचं रेशीम सपाट बसत नाही. हे मी सांगणार होते, त्याआधीच त्यांनी केलं. पिवळ्याला हात लावण्यापूर्वी तेवढे बोट पुसून घेतले. एकेक वेढा मागच्याला टेकून, कुठे फट नाही, कुठे चढ नाही. जिथे पिवळं संपून काळं सुरू होतं तिथे मला दर वेळी गाठीचा फुगवटा येतो. त्यांच्या हातून तिथे नुसता रंग बदलला. मग जर, पाच वेढे, पाचही सारख्या अंतरावर. शेवटी दोरा स्वतःच्याच टोकावरून फिरवून आत ओढून घेतला आणि कापला. गाठ कुठे आहे ते दिसेना. यासाठी माझ्याकडे पर्थच्या दुकानातून घेतलेलं एक वाकडं अवजार आहे. त्याची किंमत काकांना सांगितली नाही.

“धंदा कसा चाललाय?” मी विचारलं. अशा वेळी लोक हातातली कला चालली म्हणून सांगतात, तशी मी तयारच होते.

“लग्नसराई हाय. बोलाय येळ न्हाई.”

फोटोतल्या ठिपक्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, “हे काय?”

रानकोंबडा, कायदा, सगळं सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि पलीकडच्या दुकानाकडे मान वळवली. “मग टिकली लाव की. बारकी मिळती, पिवळसर.”

टिकली लावली. वर नेलपॉलिशचा पारदर्शक हात दिला की पाण्यात निघत नाही, बादलीत बुडवून पाहिलंय. शुद्धतावाद्यांनी या परिच्छेदावरून पुढे जावं.

“किती झाले?”

“मासा केवढा गावतोय ह्याच्यावर?”

“दहा-बारा पौंडांचा. पण मी जाणार जानेवारीत, आणि 1 एप्रिलच्या आधी धरलेला सॅमन सोडून द्यावा लागतो. कायदा आहे.”

काकांनी अंगठ्यातला फास सोडवला. “सोडून?”

“हो.”

“एवढी जर लावून, सोडून?”

“हो काका.”

“मग शंभर रुपये दे,” ते म्हणाले. “खाणार असतीस तर घेतलं नसतं.”