बेळगाव ते बाची, तिसऱ्या गियरमध्ये

"मॅन्युअल नाही सर. पण ऑटोमॅटिक चालवून बघा की, गाडी सेमच आहे."

बेळगावातल्या एका शोरूममध्ये मॅन्युअल, म्हणजे हाताने गियर टाकायची गाडी चालवून बघायला गेलो तेव्हा हे ऐकलं आणि मी चहा अर्धा ठेवून उठलो. गाडी सेम कशी असेल? पत्रा सेम, सीट सेम, पण ज्या गोष्टीसाठी मी गाडी घेणार तीच बदलली की राहिलं काय? दहा-पंधरा लाख मोजणाऱ्या माणसाला क्लच कसा आहे, गियर कसे पडतात हे न बघताच सही करा म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. बरं, हे एकाच ठिकाणी झालं असतं तर सोडून दिलं असतं. फोनवर विचारलं तिथेही बहुतेक ठिकाणी हेच. डेमोला ऑटोमॅटिक उभी, आणि मॅन्युअल हवी असेल तर बुक करा, मग येईल.

निपाणीहून सकाळी निघालो होतो. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, वंटमुरी, काकती. हा रस्ता आम्हा सीमाभागातल्या लोकांचा रोजचा, त्याबद्दल वेगळं काय लिहायचं? सहापदरीच्या कामामुळे जागोजागी वाहतूक वळवलेली, धूळ भरपूर.

मला हवी होती उतरत्या पाठीची, म्हणजे कूपे धाटणीची, चालवताना मजा देणारी आणि हाताने गियर टाकायची गाडी. दोन दारांची खरी कूपे आपल्याकडे परवडेल अशा किमतीत मिळतच नाही. एकेकाळी चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्यात, सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटांची छोटी गाडी बनायची. फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. शाळेत असताना टिळकवाडीत एक लाल स्टॉर्म बघितली होती, ती डोक्यातून कधी गेलीच नाही. आता तसं काही नाही. आता आहेत त्या चार दारांच्या कूपे-एसयूव्ही. सिट्रोएनची बसॉल्ट आहे, टाटाची कर्व्ह आहे. कर्व्हची पेट्रोल-डिझेल आवृत्ती २०२४ च्या सप्टेंबरात आली तेव्हा किंमत ९.९९ लाखांपासून होती. माझं लक्ष तिच्या वरच्या पेट्रोल इंजिनावर होतं, १.२ लिटरचं टर्बो, १२५ पीएसची ताकद, २२५ न्यूटन मीटरचा टॉर्क म्हणजे ओढ, सहा गियर. शेवटी एका शोरूममध्ये हीच गाडी, हेच इंजिन, मॅन्युअलमध्ये डेमोला मिळाली. गाडी दाखवायला सोबत आलेला शोरूमचा मुलगा हुक्केरीकडचा, उंच, बारीक. माझ्याशी मराठी, मागच्या ऑफिसशी कन्नड, आणि दोन्ही तितक्याच सहज.

त्यांचा ठरलेला मार्ग म्हणजे हायवेचा सर्व्हिस रोड. सरळ जायचं, पुलाखालून वळायचं, परत यायचं. तिथे कुठलीही गाडी चांगलीच वाटते. मी म्हटलं, वेंगुर्ला रोडने जाऊया. त्याने आत जाऊन विचारलं आणि हसत बाहेर आला. "बाचीपर्यंत चला सर. त्याच्या पुढं शिनोळी, महाराष्ट्र लागतंय. डेमो गाडी तिकडं न्यायला आम्हाला परवानगी नाही."

कॅम्पातून बाहेर पडेपर्यंत गाडीची ओळख करून घेतली. क्लच हलका होता, पण नुसता हलका असून भागत नाही, तो कुठे पकडतो हे पायाला कळायला हवं. पहिल्या दोन सिग्नलला ते कळलं. हिंडलगा सोडल्यावर खिडक्या उघडायला सांगितल्या. थंडीचे दिवस, ऊसतोडीचा हंगाम, हवेत पाचट जळाल्याचा वास.

सुळग्याच्या पुढे खरा प्रसंग आला. समोर उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी वाढे बाहेर आलेले. आमच्याकडे हिवाळ्यात गाडी चालवायची म्हणजे हेच असतं. ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगात, समोरून एसटी किंवा वायव्य कर्नाटकची लाल बस कधी येईल सांगता येत नाही, आणि ओलांडायला जी मोकळी जागा मिळते ती जेमतेम. रस्त्याच्या कडेला खडी सुटलेली, खाली उतरायची सोय नाही. मी तिसऱ्यात मागे मागे चाललो होतो. टर्बो इंजिनाचं एक असतं, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, खाली असले की ते झोपलेलं असतं. एक्झॉस्टचा जोर टर्बोला फिरवतो, आणि तो जोर यायला इंजिन आधी फिरावं लागतं. या गाडीत साधारण १,७५० च्या आसपास जाग येते. वळण संपताना पुढचा रस्ता दिसला, रिकामा होता. ट्रॅक्टरवाल्याने उजवा हात बाहेर काढून 'या' म्हणून खूण केली. मी त्याच्याही आधी दुसरा टाकला होता. काटा अडीच हजारांवर, इंजिन तयार, आणि मग नुसता पाय दाबायचा बाकी होता.

पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, ट्रॅक्टरच्या चाकाजवळ तिसरा टाकला. खट्ट. हाताला छोटासा, स्वच्छ झटका जाणवला, मनगट फिरवलं तेवढ्यात काम झालं. गाडी कुठेही अडखळली नाही. वाढ्यांचा शेंडा उघड्या खिडकीतून आत येऊन माझ्या बाहीला घासून गेला आणि पुढे मोकळा रस्ता.

माझं सगळं म्हणणं या एका ओव्हरटेकमध्ये आलं. पुढचा रस्ता मला दिसतो, गिअरबॉक्सला दिसत नाही. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लचनी आपोआप गियर बदलणारी, वाईट नाही, या गाडीत ती सात गियरची आहे, स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी आपण बदलूही शकतो. पण ती माझा पाय किती दाबला यावरून अंदाज बांधते, आणि मला पाय दाबायच्या आधीच गियर हवा असतो. शेजारी बसलेल्या मुलाला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, मी पण माझी अल्टो मॅन्युअलच चालवतो. पण इथं आम्हाला ऑटोमॅटिकच दाखवा म्हणून सांगतात." त्याच्यावर माझा राग नव्हताच. तो पोरगा मनापासून काम करत होता. राग आहे तो हे ठरवणाऱ्यांवर.

उचगाव फाट्यापुढे गावागावांत स्पीडब्रेकर आहेत, काहींना रंग नाही, काहींना आकार नाही. गाडीचा ग्राउंड क्लीअरन्स २०८ मिलिमीटर, एकदाही खाली लागलं नाही. दुसऱ्यात उतरायचं, दुसऱ्यातच चढायचं, तिसऱ्यात पळायचं, आणि परत तेच. ज्यांना याचा कंटाळा येतो त्यांचं मला कळतं. गुडघे दुखतात, बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटांच्या गर्दीत तर क्लच दाबून जीव मेटाकुटीला येतो. मला मात्र हात-पाय कामात असले की ड्रायव्हिंग अंगात येतं.

बाचीला चहाच्या टपरीशी थांबलो. पुढे हाकेच्या अंतरावर महाराष्ट्र, दुकानांच्या पाट्या इकडे कन्नड-मराठी, तिकडे मराठी. टपरीवर बसलेले एक म्हातारे काका, धोतर, पांढरी टोपी, हातात विळा, गाडीभोवती एक फेरी मारून आले. मागच्या काचेवरून हात फिरवला.

"देखणी हाय की. पण मागनं अशी तिरकी कशापायी? माणूस मावतंय काय आत?"

"बसून बघा की काका."

त्यांनी आधी चपला बाहेर काढल्या. मी नको नको म्हणालो, पण ऐकलं नाही. नव्या गाडीत चपला घालून बसायचं नाही, बस. मागे बसले, पाठ टेकली, टोपीला छत लागतंय का म्हणून हात वर नेला. चार बोटं जागा होती. मग आमचा हुक्केरीचा पोरगा त्यांच्या शेजारी बसला, त्याचे केस छताला टेकले. उतरत्या पाठीची गाडी घ्यायची तर उंच माणसाला मागे हे सोसावं लागतं, आणि आमच्या घरात एवढं उंच कोणी नाही. काकांनी डिकी बघायला मागितली, ५०० लिटरची आहे म्हटल्यावर म्हणाले, "लिटर कशाला सांगतोस, पोती किती बसत्यात ते सांग." त्यांनीच डोळ्यांनी मापून सांगितलं, सीट पाडली तर चार. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. परगावचा माणूस गाडी घ्यायला आलाय, त्याच्याकडून पैसे कसे घेऊ म्हणाले. मी निपाणीचा, म्हणजे परगावचा फारसा नाहीच, पण वाद घातला नाही. सीमाभागात भाषेवरून किती भांडणं होतात ते बाहेरच्यांना पेपरात दिसतं. त्या बाकावर काका, तो हुक्केरीचा पोरगा आणि मी, तिघं तीन प्रकारची मराठी बोलत होतो आणि विषय फक्त गाडी होता.

परतीच्या रस्त्यावर पोरग्याला चालवायला दिली. त्यानेही ट्रॅक्टर दिसताच दुसरा टाकला.

पुढचे दिवस खानापूर, जांबोटी, कणकुंबीला नातेवाइकांकडे गेले. मलप्रभेच्या उगमाशी जाऊन आलो, थंडी चांगली होती, जेवणं भरपूर झाली.

गाडी बुक केली आहे. मॅन्युअल, पेट्रोल. गडहिंग्लजच्या मामांनी महाराष्ट्राची पासिंग कर म्हणून गळ घातली. त्यांचं गणित खरं आहे. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के लाइफटाइम टॅक्स, महाराष्ट्रात पेट्रोलला १२ टक्के. पंधरा लाखांच्या गाडीवर सरळ ७५ हजारांचा फरक, वर इकडे सेसही लागतो. बाचीत मी चहा प्यायलो तिथून शंभर पावलांवर हा फरक सुरू होतो, आणि त्याचा मला मनस्ताप आहे. पण राज्याबाहेरची गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली की कायद्याने इथलीच नोंदणी करावी लागते, आणि मी राहतो निपाणीत, गाडी रोज चालणार ती निपाणी-चिकोडी-बेळगाव. नंबर चिकोडीचा, केए २३ चाच लागेल. मामांना तसं सांगून टाकलं आहे.