ज्यू मुटर

दिवाळी अंकासाठी काफ्काच्या डायरीतल्या काही नोंदी जर्मनमधून मराठीत आणायच्या होत्या. मानधनाबद्दल न बोललेलं बरं. "इंग्रजीवरून केलं तर लवकर होईल ना?" हा प्रश्न संपादकांनी याही वर्षी विचारला.

मी अडकले 24 ऑक्टोबर 1911 च्या नोंदीत. काफ्का तेव्हा 28 वर्षांचा. दिवसा कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरी, संध्याकाळी प्रागच्या साव्हॉय कॅफेत लेंबर्गहून आलेल्या मंडळींची यिडिशमधली, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतली नाटकं. त्या दिवशी तो लिहितो, आईवर तिच्या योग्यतेइतकं प्रेम मला करता आलं नाही, कारण जर्मन भाषा आड आली. मग येतं ते वाक्य: 'दी युडिशे मुटर इस्ट काइने मुटर.' 'मुटर' या आईसाठीच्या जर्मन शब्दात त्याला ख्रिस्ती झळाळी दिसते आणि ख्रिस्ती गारठाही. ज्यू बाईला तो शब्द लावला की ती जराशी हास्यास्पद होते, परकी होते. 'मामा' म्हणणं बरं, फक्त त्यामागे पुन्हा 'मुटर' उभी राहायला नको. (हे 'मामा' मराठीत तसंच ठेवलं तर वाचक थेट आजोळी पोचतो, हा आणखी एक ताप.)

'माता' मी पहिल्याच तासात बाद केलं. झळाळी आहे, पण ती देवीची, भारतमातेची. 'मदर'मध्ये तो गारठा नेमका येतो, कॉन्व्हेंटच्या फरशीसारखा. पण जर्मन लेखनात इंग्रजी कुठून आणू? शेवटी लिहिलं, 'ज्यू आई म्हणजे काही मुटर नव्हे.' वाक्य मला इतकं आवडलं की त्या रात्री पुढचं काम केलंच नाही.

आमच्या मुद्रितशोधक बाई सत्तरीच्या पुढच्या, ठाण्याला राहणाऱ्या. अजून कागदावरच प्रुफं तपासतात, लाल पेनने. त्याच नोंदीत काफ्का कंसात 'आपण जर्मनीत आहोत' असं लिहून जातो. तिथे बाईंनी प्रश्नचिन्ह केलं होतं: 'प्रागमध्ये बसून?' मुळात तसंच आहे. पण संपादकांना ते खटकलं नाही, बाईंना खटकलं. संपादक तोवर अनुक्रमणिकेत गुंतले होते. त्यांनी काफ्कापुढे 'जर्मन लेखक' लिहिलं, मी 'प्रागचा लेखक' केलं, छापून आलं 'चेक लेखक'.

माझ्या लाडक्या वाक्यात 'आई' आणि 'मुटर' यांना दोन लाल गोल होते, मधून रेघ, आणि समासात 'फोन कर'.

"अगं, जर्मनमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे ना?"

"हो."

"मग तू दोन का घातलेस? ज्या शब्दासाठी तो अडलाय, तो तू वाक्याच्या सुरुवातीलाच म्हणून मोकळी झालीस."

इतकी वर्षं अनुवाद करतेय, आणि हे मला दिसलं नव्हतं.

"मग 'ज्यू आई ही आई नव्हे' असं करू?"

बाई जरा थांबल्या. "वाक्य म्हणून तेच बरोबर. पण मला ते खोटं वाटतं. माझी आई ज्यूच होती, आणि आईच होती."

बाईंचं '-कर'वालं आडनाव मी अकरा वर्षं प्रुफांवर वाचत आले होते. ते अलिबागकडच्या गावाचं, हेही ठाऊक होतं. पुढचा विचार कधी केला नाही. बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू: कोकणात घाणा चालवणारे, शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली'. पुण्यात 1874 साली मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे पेसाह या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली होती, हे मी कुठेतरी वाचलं होतं. बाईंकडे पेसाहच्या रात्री ती मराठीतूनच ऐकायचे.

"देवाशी हिब्रू, आईशी मराठी," बाई म्हणाल्या. "काही अडलं नाही. तुझ्या या पोराचं काय बिनसलं होतं?"

मी सांगत गेले. वडील ओसेक नावाच्या खेड्यातले, चेक बोलत वाढलेले. मुलाला मात्र जर्मन शाळेत घातलं. 1897 च्या दंगलीत प्रागमध्ये जर्मनांबरोबर ज्यूंचीही दुकानं फुटली. त्याच्याही आधी, 1846 मध्ये, सीगफ्रीड काप्पर या ज्यू कवीने चेकमध्ये कविता छापल्या, तेव्हा हावलीचेकसारख्या मोठ्या पत्रकाराने सुनावलं की ज्यूला चेक होता येणार नाही, त्यांनी जर्मनांकडे जावं. आणि काफ्का 1920 मध्ये मिलेनाला, त्याच्या चेक अनुवादिकेला, लिहितो की जर्मन माझी मातृभाषा, म्हणून सहज येते. पण चेकमध्ये मला जास्त माया वाटते.

"म्हणजे दोन घरचा पाहुणा," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पानावरचे ऱ्हस्वदीर्घ सांगू लागल्या.

शेवटी 'ज्यू मुटर ही मुटर नव्हे' असं गेलं. बाईंना ते पटलं नव्हतं, मला अजूनही पटलेलं नाही. 'आई' दोन्हीकडे ठेवायला हवं होतं का? पण मराठीत ते वाक्य लिहिलं की समोर बाईंची आई येते, काफ्काची येत नाही. हे सगळं सांगणारी पाच ओळींची तळटीप मी दिली होती. जागा नाही म्हणून संपादकांनी तिची एक ओळ केली: 'मुटर : जर्मन भाषेत आई.'

अंक पोचल्यावर बाईंचा फोन आला. तळटिपेत 'मुटर'पुढे कोलनऐवजी विसर्ग पडलाय म्हणाल्या. बाकी काही बोलल्या नाहीत.