चार इंजिनं, एक जू

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं लेथचं छोटं शेड आहे. हायड्रॉलिक पंपाची कपलिंगं, शाफ्ट, फ्लँज, असली कामं. रात्री जेवण झालं की मोबाइलवर मात्र अमेरिकेतल्या जुन्या ड्रॅगस्टर, म्हणजे सरळ पट्टीवर पळवायच्या शर्यतीच्या गाड्या, बघत बसतो. पोरगा म्हणतो, "पप्पा, त्यात बघायचं काय? सरळ तर जातात की." जातात खरं. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर.

मला त्यांचा वेग तेवढा ओढत नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेली कशी, ते मी बघतो.

आजोळी चिकोडीकडं काळ्या रानात नांगराला तीन-तीन जोड्या जुंपायचे. आजा सांगायचा, पुढची जोडी उचल खाते आणि मधली नुसतं चालल्याचं नाटक करते. टॉमी आयव्हो या पोरसवदा टीव्ही नटानं १९५९ साली दोन ब्यूक व्ही-८ (आठ सिलिंडरची) इंजिनं एका ड्रॅगस्टरवर शेजारी शेजारी बसवली, त्याच्यापुढंही हाच पेच असणार. त्यानं काय करावं? स्टार्टर जिथं दात लावतो ती फ्लायव्हीलची रिंग गिअर एकमेकींत अडकवली. ना साखळी, ना पट्टा. पण दातात दात बसले की दुसरं चाक उलटं फिरणार, म्हणजे एक इंजिन उलटं फिरवायला हवं. मग कॅमशाफ्ट वेगळा, इग्निशनची जुळणी वेगळी. हे मी आमच्या मामांना (शेडमधले जुने टर्नर, सगळ्यांचेच मामा) खडूनं भिंतीवर काढून दाखवलं. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दात कुणी तासले, त्याचं नाव सांग."

१९६१ मध्ये त्यानं चार इंजिनं लावली. एक जोडी पुढच्या चाकांना, एक मागच्या. चारही टायर एकदम धूर सोडतात. शर्यतीत त्या गाडीचा उपयोग नव्हता, ती नुसती दाखवायची गाडी झाली. स्टुडिओनं त्याला गाडी पळवायची बंदी घातली, म्हणून सुरुवातीला चालवायलाही दुसरेच.

ओहायोतल्या आर्ट आर्फन्सची गोष्ट वेगळी. घरची पशुखाद्याची गिरणी. पहिल्या गाडीला ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग फासला, तिचं नाव पडलं 'ग्रीन मॉन्स्टर'. पुढं त्यानं लढाऊ विमानाचं अ‍ॅलिसन व्ही-१२ आणून बसवलं. २८ लिटर! आमच्या गल्लीतली निम्म्या मोटरसायकलींची इंजिनं त्यात मावतील.

या सगळ्यात बसायची जागा बघून मात्र माझ्या पोटात गोळा येतो. इंजिन पुढं, ड्रायव्हर मागच्या आसाच्याही मागं, गलोलीत खडा ठेवावा तसा. गाडीचं नावच स्लिंगशॉट. गिअर, क्लच सगळं पायांच्या मधे. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियात लायन्सच्या शर्यतीच्या पट्टीवर डॉन गार्लिट्स या ड्रायव्हरच्या गाडीचा दोन गिअरचा बॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. माणसानं दवाखान्यात पडल्या पडल्या पुढची गाडी मनात आखली आणि इंजिन पाठीमागं टाकलं. १९७१ मध्ये त्याच गाडीनं जिंकायला लागला, आणि बघता बघता पुढच्या इंजिनाच्या गाड्या मागं पडल्या.

मी हे सहज लिहीत नाही. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या प्रेसवर घाईत कपलिंग बसवलं, दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का ते बघायचा डायल लावलाच नाही. चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात बोल्ट तुटला आणि माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यात घुसला. ते भोक अजून आहे, पावसाळ्यात तिथूनच गळतं. बायको म्हणते बुजवा. मी बुजवत नाही.

परवा मामांनी परत विचारलं, "ती उलटी फिरणारी गाडी चालू कशी करायची रे?"

त्या काळी बहुतेक ड्रॅगस्टरला स्टार्टरच नसायचा, मागून दुसरी गाडी लावून ढकलायचे, असं मी सांगितलं.

मामा हात पुसत उठले. "म्हणजे आपल्या टेम्पोसारखंच की. चल, ये मागनं."