दोन वर्षांचं बिऱ्हाड

चार दिवसांच्या सहलीला काय न्यायचं ते सगळ्यांना कळतं. कायमचं चंबूगबाळं उचलायचं असलं, तरी विकायचं काय आणि वाटायचं काय हे रडतखडत ठरतं. अडचण होते ती 'दोन वर्षं, फार तर तीन' या उत्तराची. नवऱ्याला कंपनीने चाकणहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला पाठवायचं नक्की केलं आणि आमच्या घरात प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : दोन वर्षांसाठी हे न्यायचं का?

सासूबाईंचं उत्तर कायम 'हो'. नवऱ्याचं उत्तर, 'तिथे सगळं मिळतं.' हे वाक्य परदेशात आठवडाभर हॉटेलात राहून आलेला माणूसच म्हणू शकतो. मेतकूट मिळतं का, थालीपिठाची भाजणी मिळते का, हे त्याने पाहिलेलं नसतं. त्याने हॉटेलातला नाश्ता पाहिलेला असतो.

पण सामानाच्या आधी कागद आले. बायकोला बरोबर न्यायचं तर ती बायको आहे याचा पुरावा हवा. आमच्या लग्नाचा अल्बम होता, आहेराची वही होती, कार्यालयाची पावतीसुद्धा होती. सर्टिफिकेट नव्हतं. आमच्या पिढीत बऱ्याच जणांनी ते काढलेलंच नाही, कारण इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. मग लग्नपत्रिका शोधली. ती मावशीच्या कपाटात पैठणीच्या घडीत निघाली. तीन साक्षीदार गोळा केले. अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते म्हणून गुरुजींचा शोध सुरू झाला. ते कोथरूडलाच होते आणि हल्ली व्हिडिओ कॉलवर सत्यनारायण सांगतात. "जर्मनीला ना? वास्तुशांत ऑनलाइन करू," म्हणाले.

एका बॅगेला २३ किलोची मर्यादा. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मी आधी बॅग कवटाळून उभी राहायचे, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकीला सगळं घर जमायचं. बॅगेचं वजन रोज बदलत होतं. माझं मात्र सगळ्यांना पाठ झालं. गोडा मसाला बॅगेत गेला, मिसळणाचा डबा गेला, पोळपाट राहिला आणि लाटणं गेलं. (पोळी ओट्यावरही लाटता येते असा माझा युक्तिवाद होता. तो ओटाच नसेल, हे तेव्हा कुठे माहीत होतं!)

तुपावरून मात्र खरी लढाई झाली. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप बाद, पेढे बाद. सासूबाईंनी दोन किलो तूप कढवून डब्याला सेलोटेपही लावला होता. लाळ्या-खुरकूतसारखे जनावरांचे रोग दुधातून, मांसातून तिकडच्या गोठ्यांत जाऊ नयेत म्हणून हा नियम आहे, असं मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तूप कढवल्यावर कुठला रोग टिकतो गं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तूप नणंदेकडे गेलं.

कुकरचा प्रश्न शास्त्रीय होता. तिकडे बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर नुसता बसून राहतो, तापत नाही. ज्याच्या बुडाला चुंबक चिकटेल तोच तापतो. म्हणून फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये टाकून मी भांड्यांच्या दुकानात गेले आणि एकेका कुकरच्या बुडाला ते लावून बघू लागले. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "जर्मनी का ताई?"

आणायच्या सामानाची निदान यादी करता येते. मागे राहणाऱ्या घराची होत नाही, कारण ते बंदही करायचं नसतं आणि चालूही ठेवायचं नसतं. गॅसचं कनेक्शन परत करायचं का? सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार? स्कूटर भाच्याकडे 'तात्पुरती' दिली. ती आता कुणाची आहे हे विचारायची सोय नाही. कुंड्या शेजारच्या काकूंकडे गेल्या. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याला साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्यावं लागतं, हे नवऱ्याला बँकेत समजलं. आणि सगळ्यात मौल्यवान ऐवज म्हणजे एक जुना फोन आणि त्यातलं भारतातलं सिम. ते बंद पडलं की बँक, आधार, वीजबिल सगळं ठप्प. माणूस देश सोडू शकतो, ओटीपी नाही. त्या फोनला आम्ही विमानात हातातल्या बॅगेत नेलं, दागिन्यांच्या शेजारी.

मुंबई ते फ्रँकफर्ट विमान, तिथून जलद गाडीने सव्वा तासात श्टुटगार्ट. प्रवासाबद्दल याहून सांगण्यासारखं काही नाही. नवरा झोपला, मी बॅगा मोजल्या. गाडीतून उतरून बाहेर पडताना मात्र मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मुख्य स्टेशन जमिनीखाली नेण्याचं काम तिथे २०१० पासून चालू आहे. पत्रे, क्रेन, तात्पुरते रस्ते, बाण दाखवतील तिकडे बॅगा ओढत निघालेली माणसं. मेट्रोच्या काळात पुण्यात राहिलेल्या बाईला याहून चांगलं स्वागत कोणतं? शिवाय हे शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे असं कळलं. पुणेकराला हे ऐकून जरा लागतंच, पण आम्ही ते मनावर घेतलं नाही.

पहिला महिना कंपनीने दिलेल्या सजवलेल्या घरात गेला. मग आमचं भाड्याचं घर मिळालं आणि दोन वर्षांच्या हिशेबाची परीक्षा तिथे सुरू झाली. जर्मनीत भाड्याचं घर म्हणजे पुष्कळदा भिंती, खिडक्या, हीटर आणि संडास-न्हाणीघर. छताला दिवा नसतो, दोन वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू आपले दिवे काढून घेऊन गेलेला असतो. स्वयंपाकघरात नळाच्या तोंडापलीकडे काही नसेल, तर ओटा, कपाटं, सिंक, शेगडी हे सगळं आपलं आपण आणायचं, किंवा आधीच्या माणसाने मागे ठेवलेलं त्याच्याकडून विकत घ्यायचं. "दोन वर्षांसाठी ओटा विकत घ्यायचा?" नवरा म्हणाला. तो त्या संध्याकाळी मोबाइलच्या टॉर्चमध्ये सँडविच खात होता. दुसऱ्या दिवशी आधीच्या भाडेकरूचा ओटा आम्ही घेतला.

ओटा आल्यावर बाकीचं हळूहळू रुळलं. कढवलेलं लोणी इथे साध्या दुकानात डब्यातून मिळतं, हे सासूबाईंना मी बरेच दिवस सांगितलं नाही. क्वार्क नावाचा जो मऊ, आंबटसर प्रकार दह्याशेजारी ठेवलेला असतो, तो फडक्यात बांधून थोडा टांगला की चक्का तयार. इथल्या मराठी घरांत श्रीखंड त्याचंच होतं. साखर, वेलची, केशर घालून पहिल्यांदा केलं तेव्हा नवऱ्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. 'तिथे सगळं मिळतं' हे त्याचं वाक्य एवढ्यापुरतं मी मान्य केलं.

माझा समज असा होता की आपण दोन वर्षांचे पाहुणे, तेव्हा हा देशही आपल्याकडे पाहुण्यासारखंच बघेल. पण इथल्या व्यवस्थेला 'तात्पुरतं' कळतच नाही. घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा, घरमालकाचं पत्र जोडून. त्या अर्जात धर्माचाही रकाना असतो. मी दचकलेच. मग कळलं की तो चर्चच्या करासाठी असतो. जे नोंदणीकृत चर्चचे सभासद असतात त्यांच्या आयकरावर या राज्यात आणखी ८ टक्के बसतात. आम्ही रकाना रिकामा ठेवला. थोड्याच दिवसांत दुसरं पत्र आलं : सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरटी महिना १८.३६ युरो. "आमच्याकडे टीव्ही नाही," नवरा म्हणाला. टीव्ही असण्याशी त्याचा संबंधच नाही. घर आहे ना? मग भरा.

दारावरच्या बेलला आणि पत्रपेटीला आडनाव लावावंच लागतं. आपल्यासारखा 'बी-७०४' असा नंबर इथल्या फ्लॅटला सहसा नसतो. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो. पुण्यात आमच्या दारावर कित्येक वर्षं आधीच्या मालकाची पाटी होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. इथे आठवड्याभरात 'देशपांडे' छापून लागलं, म्युलर आणि श्मिट यांच्या मध्ये.

आणि मग एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. केअरवोखं, म्हणजे 'झाडायचा आठवडा'. श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन भागातली ही जुनी रीत आहे. तिचं मूळ १४९२ च्या श्टुटगार्टच्या नगरनियमांत सांगतात, जेव्हा प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी असं ठरलं. आता घाणीच्या जागी इमारतीचा जिना आला आहे. ज्याच्या दाराला पाटी, त्याची त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी. काम झालं की पाटी पुढच्या दाराला. नवऱ्याने विचारून पाहिलं, की आम्ही दोनच वर्षं आहोत. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "हो का? मग तुमच्या पाळ्या पुष्कळ होतील," आणि झाडू कुठे ठेवलेला असतो ते दाखवलं.

शनिवारी सकाळी मी जिना झाडायला घेतला. फोन कठड्यावर टेकवून ठेवला होता, पलीकडे सासूबाई दुपारच्या चहाला बसल्या होत्या. सून परदेशात जिना झाडते आहे हे त्यांना पचायला थोडा वेळ लागला. "तिथे बाई नाही का मिळत?" त्यांनी विचारलं. एवढ्यात आजी दार उघडून बाहेर आल्या, पायऱ्यांवरून नजर फिरवली आणि वळणावरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या.

"बरोबर सांगतायत त्या," फोनमधून आवाज आला. "तिथे राहिलंय."